घरच्या घरी गाडीचं वर्कशॉप: हत्यारं सगळ्यात शेवटी

घरी गाडीवर काम करायची हौस असलेला माणूस पहिली खरेदी हत्यारांच्या पेटीची करतो. मग जॅक येतो, कॉम्प्रेसर येतो, आणि हे सगळं भिंतीला लागून मांडून झाल्यावर लक्षात येतं की गाडीचं दार पूर्ण उघडत नाही, प्लगपॉइंट कॉम्प्रेसरच्या मागे गेलाय आणि जमिनीला तडा आहे तो नेमका जॅक स्टँड (उचललेली गाडी टेकवायचा लोखंडी आधार) ठेवायच्या जागी. मग सामान बाहेर काढा, वायरिंग नव्याने करा, जमीन खणा. क्रम चुकला की एकच काम दोनदा करावं लागतं.

क्रम असा ठेवा: माप, जमीन, हवा, वीज, उजेड, रंग, टेबल, गाडी उचलायची सोय आणि शेवटी हत्यारं. खालचे टप्पे याच क्रमाने आहेत. जागा भाड्याची असेल तर जमिनीचा आणि वायरिंगचा टप्पा तुमच्या हातात नसेल, पण त्या टप्प्यांतल्या तपासण्या तरीही करा.

१. आधी कामांची यादी, मग माप

पुढच्या दोन वर्षांत या जागेत तुम्ही नक्की काय करणार आहात ते कागदावर लिहा. ऑइल बदलणं, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बुश, बॅटरी आणि वायरिंग इतकंच असेल तर साध्या जागेत भागतं. क्लच किंवा इंजिन उतरवायचं असेल तर गाडीच्या पुढे इंजिन होइस्ट (इंजिन उचलायची छोटी क्रेन) फिरवायला दीड-दोन मीटर मोकळे लागतात. वेल्डिंग आणि रंगकाम हे तर वेगळेच विषय. त्यांची हवा, वीज आणि आगीची गणितं निराळी असतात, म्हणून सुरुवातीला ती यादीत धरू नका.

आता मापं. मध्यम गाडी साधारण १.८ मीटर रुंद आणि ४ ते ४.५ मीटर लांब असते. तिच्या दोन्ही बाजूंना किमान ९० सेंटिमीटर आणि पुढे सव्वा ते दीड मीटर जागा हवी. म्हणजे ३.६ मीटर बाय ६ मीटर हा एका गाडीसाठी बरा आकडा. ३ मीटरच्या खोलीतही काम होतं, पण तिथे गाडी एका भिंतीकडे सरकवून उभी करायची आणि एका वेळी एकाच बाजूचं काम करायचं हे मान्य करावं लागतं.

नकाशा कागदावर काढून थांबू नका. गाडी आत उभी करा, चारही दारं, बॉनेट आणि डिकी पूर्ण उघडा आणि त्यांच्या कडा खडूने जमिनीवर उतरवा. मग एक गोष्ट करा जी जवळजवळ कुणी करत नाही. ट्रॉली जॅकचा दांडा सुमारे सव्वा मीटर लांब असतो. तेवढी काठी घ्या, जॅक जिथे लावणार तिथे एक टोक ठेवा आणि पंप मारल्यासारखी वरखाली हलवा. काठी टेबलाला, भिंतीला किंवा बंद दाराला अडत असेल तर प्रत्यक्ष जॅकही अडणार. टेबल आणि कपाटांच्या जागा या खडूच्या रेघांबाहेरच ठरवा.

दोन खांबी लिफ्टचा विचार असेल तर छताची उंचीही आत्ताच मोजा. दीड मीटर उंच गाडी माणूस उभा राहील इतकी वर घ्यायची तर साधारण साडेतीन मीटर छत लागतं. कमी असेल तर कमी उंचीची कात्री लिफ्ट किंवा जॅक आणि स्टँड हाच मार्ग. छतातून खाली आलेले तुळया, पंखे आणि शटरचा गुंडाळलेला रोल यांच्या खालून माप घ्या.

तपासणी: दारं उघडी असताना गाडीभोवती पूर्ण फेरी मारता येते का? येत नसेल तर कुठली बाजू कायमची बंद राहणार ते आत्ताच ठरवा.

२. जमीन

जॅक स्टँडच्या चार छोट्या पायांवर गाडीचा चौथा हिस्सा भार येतो. फरशी, पेव्हर ब्लॉक आणि डांबर यांवर हा भार टाकू नका. फरशी खालून पोकळ असेल तर फुटते, पेव्हर तिरका होतो, डांबर उन्हात मऊ पडून स्टँडचा पाय आत रुततो. हवं ते सलग काँक्रीट. जॅक आणि स्टँडसाठी १०० मिलिमीटर जाडी पुरते. दोन खांबी लिफ्टसाठी लिफ्टच्या मॅन्युअलमध्ये दिलेली जाडी आणि काँक्रीटची ताकद हाच शेवटचा शब्द. ती बहुधा १०० ते १५० मिलिमीटरच्या दरम्यान असते. नवीन काँक्रीटला २८ दिवस होऊ द्या, मगच त्यात अँकर बोल्ट मारा. तड्याजवळ किंवा सांध्याजवळ अँकर मारू नका.

पाणी बाहेर जावं म्हणून दाराकडे उतार देतात. धुण्यासाठी तो उपयोगी आहे, पण जिथे गाडी उचलायची तो भाग जितका सपाट ठेवता येईल तितका ठेवा. दर मीटरला एक सेंटिमीटरपेक्षा जास्त उतार नको. जुन्या जमिनीवर दोन मीटरची सरळ पट्टी आडवीउभी फिरवून पाहा आणि खालून उजेड दिसेल ते खड्डे रिपेअर मॉर्टरने भरा. ट्रॉली जॅक गाडी उचलताना थोडा पुढे सरकतो. त्याची चाकं खड्ड्यात अडकली तर जॅक सरकण्याऐवजी गाडी ओढली जाते.

खड्डा खणून त्यात उतरून गाडीखाली काम करायचा मोह पुष्कळांना होतो. माझं स्पष्ट मत आहे की घरी खड्डा करू नये. पेट्रोलची आणि एलपीजीची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात उतरते आणि तिथेच साचते. खाली माणूस, वर इंजिन आणि हातात दिवा, ही मांडणी फार धोक्याची. त्याच खर्चात चांगले रॅम्प आणि चार स्टँड येतात.

३. हवा

बंद जागेत इंजिन चालू ठेवायचं नाही, दोन मिनिटंही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोकं जड झाल्याचं कळेपर्यंत माणसाला उठून दार उघडण्याचं भान राहिलेलं नसतं. शटर अर्धं उघडून भागत नाही. चालू इंजिनावर काम करायचं असेल तर गाडी बाहेर काढा, नाहीतर सायलेन्सरला उष्णता सहन करणारा होज लावून धूर थेट बाहेर सोडा.

हवा खेळण्यासाठी दोन वाटा लागतात, एक जमिनीलगत आणि एक समोरच्या भिंतीत वरच्या बाजूला. नुसता वरचा एक्झॉस्ट फॅन लावला आणि खालून हवा आत यायला जागाच ठेवली नाही तर फॅन फिरतो पण हवा हलत नाही. खालच्या जाळीसमोर कपाट ठेवायचं नाही. साधा फॅन जमिनीलगत बसवू नका, कारण पेट्रोलची वाफ खालीच असते आणि मोटरमधली ठिणगी तिला पुरते. इंधनाची टाकी, पंप किंवा पाइप उघडायचे असतील तर ते काम उघड्यावरच करा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा. वर्कशॉप घराला जोडून असेल तर आणखी एक घराच्या आतल्या बाजूला. घरात उघडणारं दार घट्ट बसणारं आणि आपोआप बंद होणारं हवं.

इशारा: गॅसवर चालणारा गीझर किंवा उघडी ज्योत असलेली कुठलीही वस्तू याच खोलीत असेल तर आधी ती हलवा, मग पुढचा टप्पा.

४. वीज

हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. पण काय करून घ्यायचं ते तुम्हाला माहीत हवं, नाहीतर तो बेडरूमसारखं वायरिंग करून जाईल.

मेन बोर्डापासून वर्कशॉपला स्वतंत्र लाइन आणि आत छोटा वेगळा डिस्ट्रिब्यूशन बोर्ड. त्यात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि प्रत्येक सर्किटला एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच). दिव्यांचं सर्किट आणि प्लगचं सर्किट वेगळं, आणि शक्य असेल तर त्यांचे आरसीसीबीही वेगळे. हे मुद्दाम सांगतोय. ग्राइंडरने प्लगचं सर्किट ट्रिप केलं आणि त्याबरोबर दिवेही गेले, तर फिरत्या चाकासमोर तुम्ही काळोखात उभे राहता. चाक थांबायला वेळ लागतो.

कॉम्प्रेसरला स्वतःची १६ अँपिअरची लाइन. सुरू होताना त्याची मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते. त्यामुळे दिवे, चार्जर आणि कॉम्प्रेसर एकाच लाइनवर असले की एमसीबी सारखा पडतो आणि मग कुणीतरी वैतागून मोठ्या क्षमतेचा एमसीबी बसवतो. ती वायर जळायची सुरुवात असते.

प्लगपॉइंट जमिनीपासून एक ते सव्वा मीटर उंच घ्या. टेबलाच्या वर येतात, जमीन धुताना भिजत नाहीत आणि जमिनीलगतच्या पेट्रोलच्या वाफेपासून दूर राहतात. ४५ सेंटिमीटरच्या खाली ठिणगी पडेल असं काहीच बसवू नका. पॉइंट जितके लागतील वाटतात त्याच्या दुप्पट घ्या, आणि एक शटरजवळ घ्या, बाहेर काम करताना लागतो. एक्स्टेन्शन रीळ वापरायचीच वेळ आली तर केबल पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या केबलमधली उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळतं.

तपासणी: आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून लाइन जाते का पाहा. महिन्यातून एकदा हे करायचं. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, तोंडी उत्तरावर विसंबू नका.

५. उजेड

खोलीच्या मधोमध दिवा लावला की तो गाडीच्या टपावर उजेड पाडतो आणि चाकांकडे सावली. गाडीच्या दोन्ही बाजूंना, दारांच्या साधारण वर, लांबीला समांतर एलईडी ट्यूबच्या दोन रांगा घ्या. तिसरी रांग बॉनेटच्या पुढे आडवी आणि एक टेबलावर. ४००० ते ५००० केल्विनचा पांढरा उजेड चांगला, टेबलावर साधारण ५०० लक्स मिळावेत. लिफ्ट बसवणार असाल तर गाडी वर गेल्यावर छतावरचे दिवे झाकले जातात, म्हणून काही दिवे भिंतीवर छातीच्या उंचीला हवेत.

दिवे न लुकलुकणारे घ्या. लुकलुकत्या उजेडात फिरणारं ग्राइंडरचं चाक थांबल्यासारखं दिसू शकतं. गाडीखाली चुंबकाचा, चार्जिंगचा दिवा वापरा. वायरचा बल्ब असलेला हँडलॅम्प गाडीखाली नको. काच फुटली आणि वर पेट्रोलचा थेंब असला तर पळायला वाट नसते.

६. रंग

भिंती आणि छत पांढरे, मग जमीन. वायरिंग आणि ड्रिलिंग संपल्याशिवाय जमिनीला हात लावू नका.

जमिनीला एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा टणक रंग) लावायचा असेल तर आधी ओल तपासा. ४५ सेंटिमीटरचा चौकोनी प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने जमिनीला चिकटवा आणि किमान १६ तास ठेवा. खाली दवबिंदू दिसले किंवा काँक्रीट गडद झालं असेल तर एपॉक्सी टिकणार नाही, आधी ओल कुठून येते ते शोधा. कोरडं असेल तर तेलाचे डाग डिग्रीझरने काढा आणि जमीन ग्राइंड करून खरखरीत करा. मग पाण्याचे काही थेंब टाका. ते शोषले गेले तर रंग धरेल, मोत्यासारखे वर राहिले तर तिथे अजून तेल किंवा जुना सीलर आहे. ही तयारी टाळली की पहिल्याच उन्हाळ्यात गरम टायर रंगाचे पापुद्रे उचलून नेतात. रंगाच्या शेवटच्या हातात बारीक वाळू मिसळा, नाहीतर तेल सांडलेल्या एपॉक्सीवर पाय घसरतो. गाडी आत आणण्याआधी डब्यावर लिहिलेले दिवस पूर्ण होऊ द्या.

७. टेबल आणि व्हाइस

टेबलाची उंची तुमच्या शरीराच्या मापाची हवी. सरळ उभे राहा, हात खाली सोडा, मनगटाच्या घडीपर्यंतची उंची घ्या. बहुतेकांना ती ८५ ते ९५ सेंटिमीटर भरते. टेबलाची पुढून मागे खोली ६० ते ७५ सेंटिमीटर पुरे. त्याहून खोल टेबलाच्या मागच्या भागात फक्त अडगळ साठते. वरचा भाग १८ मिलिमीटरचे दोन प्लाय एकत्र करून घ्या आणि अर्ध्या भागावर पातळ लोखंडी पत्रा ठोका. टेबल भिंतीला बोल्टने बांधा. व्हाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात) पकडलेला बुश जोर लावून ओढताना टेबल पुढे आलं तर ते तुमच्या पायावर येतं.

व्हाइस बसवताना दोन चुका हमखास होतात. एक, तो टेबलाच्या मधोमध लावतात. कोपऱ्यात, बरोबर टेबलाच्या पायावर लावा, म्हणजे ठोके पायातून जमिनीत जातात. दोन, स्थिर जबडा टेबलाच्या कडेच्या आत ठेवतात. तो कडेच्या किंचित बाहेर हवा. तरच लांब शाफ्ट किंवा शॉक ॲब्झॉर्बर उभा पकडता येतो, नाहीतर त्याचं खालचं टोक टेबलाला टेकतं. १२५ मिलिमीटरचा जबडा गाडीच्या कामाला पुरतो. स्क्रूने आवळून ठेवू नका. आरपार बोल्ट, खाली जाड पट्टी आणि मग नट.

बेंच ग्राइंडर पार्ट धुण्याच्या जागेपासून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. टूल रेस्ट आणि चाक यांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, वरच्या संरक्षक पट्टीची फट ६ मिलिमीटरपर्यंत. चाक झिजलं की दोन्ही फटी पुन्हा जुळवायच्या. चष्मा हवा, हातमोजे नकोत. फिरतं चाक मोज्याला धरतं आणि मोज्यासकट बोटं ओढतं.

८. गाडी उचलायची सोय

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. बाकीच्या चुकांनी पैसा जातो, इथल्या चुकीने जीव.

काय घ्यायचं? २ ते ३ टनांचा ट्रॉली जॅक. घेताना सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची उंची अशा दोन्ही पाहा, कारण बुटकी गाडी असेल तर जॅक खाली शिरतच नाही आणि उंच गाडी असेल तर चाक जमीन सोडत नाही. चार जॅक स्टँड. त्यांवर लिहिलेली क्षमता एका स्टँडची आहे की जोडीची ते वाचा, बऱ्याचदा ती जोडीची असते. दात्यांबरोबर वेगळी सुरक्षा पिनही असलेले स्टँड घ्या. चाकाखाली लावायला चार रबरी चोक.

विटा, काँक्रीटचे ब्लॉक आणि लाकडाचे ठोकळे यांवर गाडी ठेवायची नाही. काँक्रीटचा ब्लॉक आधी वाकत नाही, कुरकुरत नाही, एका क्षणात फुटतो. गाडीबरोबर येणारा कात्री जॅक रस्त्यात चाक बदलण्यापुरता असतो.

उचलण्याचा क्रम पाठ झाला पाहिजे:

१. सपाट जागा, हँडब्रेक, गाडी पहिल्या गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये.

२. जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना दोन्ही बाजूंनी चोक. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर असतो. गाडी मागून उचलली की तो निरुपयोगी होतो, आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाणारी गाडी असेल तर गिअरचाही आधार जातो. तेव्हा पुढच्या चाकांचे चोकच गाडी धरून ठेवतात.

३. चाक काढायचं असेल तर नट आत्ताच, चाक जमिनीवर असताना, पाव फेरा सैल करा. गाडी हवेत असताना अडकलेल्या नटावर जोर लावला की गाडी स्टँडवरून ढकलली जाते.

४. मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जॅक पॉइंटवरच जॅक लावा. ऑइल सम्प (इंजिनाखालची तेलाची टाकी), गिअरबॉक्स आणि सायलेन्सर यांना जॅक लावायचा नाही. विजेवर चालणाऱ्या गाडीत मधला सगळा तळ बॅटरीचा असतो, तिथे तर अजिबात नाही.

५. पाच-सात सेंटिमीटर उचलून थांबा. जॅक सरळ आहे का, त्याची चाकं मोकळी सरकताहेत का, पाहा. मग पुढे.

६. स्टँड ठेवा, दोन्ही एकाच खाचेवर, पिना घाला. चारही पाय जमिनीला टेकलेत का ते डोळ्याने आणि हाताने तपासा.

७. जॅक हळू सोडा. पूर्ण भार स्टँडवर येऊ द्या. मग जॅक पुन्हा नुसता टेकेल इतका वर घेऊन तिथेच ठेवा.

८. आता गाडी हलवा. बाहेर उभं राहून कमरेचा जोर लावून पुढेमागे आणि आडवी ढकला. पडायची असेल तर आत्ता पडू दे, तुम्ही खाली नसताना. स्टँड सरकला, डुगडुगला किंवा आवाज आला तर खाली उतरवून पहिल्यापासून.

९. काढलेलं चाक गाडीच्या दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवा. सगळंच चुकलं तर तेवढी जागा शिल्लक राहते.

उतरवताना आधी गाडीखालून सगळी हत्यारं काढा. आणि गाडीखाली जाणार असाल तेव्हा घरातल्या कुणालातरी सांगून जा.

इशारा: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका, पडलेला नट काढायलाही नाही. जॅकच्या आतला एक रबरी सील तेवढा ती गाडी धरून असतो.

९. कॉम्प्रेसर, लागणार असेल तर

घरच्या कामांना याची जितकी गरज वाटते तितकी नसते. चांगली बॅटरीवरची इम्पॅक्ट गन चाकाचे नट सहज काढते आणि टायरला छोटा पंप पुरतो. म्हणून ही खरेदी पहिली सहा महिने थांबवा.

घ्यायचाच असेल तर हॉर्सपॉवर पाहून घेऊ नका. कॉम्प्रेसर मिनिटाला प्रत्यक्ष किती लिटर हवा देतो तो आकडा आणि तुमची गन किती मागते तो आकडा शेजारी ठेवा. हवेची लाइन पीव्हीसी पाइपने करायची नाही. पाण्याला चालणारा तो पाइप दाबाखालच्या हवेने फुटतो आणि त्याचे टोकदार तुकडे खोलीभर उडतात. तांबं, ॲल्युमिनिअम किंवा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) वापरा. पाइपला किंचित उतार द्या, प्रत्येक फाटा पाइपच्या वरच्या अंगाने काढा आणि सगळ्यात खालच्या टोकाला पाणी सोडायचा कॉक ठेवा, म्हणजे साचलेलं पाणी गनमध्ये जात नाही. काम संपलं की टाकीच्या तळाचा कॉक उघडून पाणी काढा, नाहीतर टाकी आतून गंजते. बाहेरून ते कळतही नाही.

१०. हत्यारं

सगळ्यात आधी तुमच्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल. कुठला नट किती न्यूटन-मीटरला आवळायचा, हे माहीत नसेल तर महागडा टॉर्क रेंचही (ठरल्या जोरानेच नट आवळणारा पाना) शोभेचा.

दोनशे तुकड्यांची पेटी घेऊ नका. तिच्यात निम्मे स्क्रूड्रायव्हर बिट असतात. ३/८ आणि १/२ इंच ड्राइव्हचे दोन रॅचेट घ्या, ८ ते १९ मिलिमीटरच्या सहा कोनी गोट्या (सॉकेट), चाकांसाठी १७, १९ आणि २१ च्या खोल गोट्या, त्याच मापांचे रिंग-फिक्स पाने, ॲलन की, टॉर्क्स बिट, लांब ब्रेकर बार, दोन एक्स्टेन्शन आणि दोन हातोडे, त्यातला एक रबरी. बारा कोनी गोटी पटकन बसते खरी, पण गंजलेल्या नटाचे कोपरे तीच खाते. १० मिलिमीटरच्या गोट्या दोन घ्या. बॅटरीच्या क्लॅम्पपासून बंपरच्या ब्रॅकेटपर्यंत तेच माप सतत लागतं.

जपानी गाड्यांचे बरेच स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात पण जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात. फिलिप्सचा स्क्रूड्रायव्हर त्यात उसळतो आणि खाच उडते. जेआयएसचा एक स्क्रूड्रायव्हर ठेवला की हा त्रास संपतो. इम्पॅक्ट गनला काळ्या इम्पॅक्ट गोट्याच लावा. चकचकीत क्रोमच्या गोट्या तिच्या माऱ्याने तडकून उडतात.

टॉर्क रेंच शक्यतो दोन. एक साधारण १० ते ६० न्यूटन-मीटरचा आणि एक ४० ते २०० चा. एकच मोठा रेंच घेऊन त्याने सम्पचा छोटा बोल्ट आवळायला जाणं ही नेहमीची चूक. रेंज जिथे सुरू होते तिथे हे रेंच सगळ्यात कमी भरवशाचे असतात. टॉर्क रेंचने नट सैल करायचा नाही, त्याला ब्रेकर बार आहे. 'टक' आवाज आला की थांबा, खात्रीसाठी आणखी एक 'टक' काढलात तर नट ठरल्यापेक्षा जास्त आवळला जातो. काम झालं की क्लिकचा रेंच सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा.

विजेच्या कामासाठी मल्टिमीटर. पूर्ण चार्ज आणि शांत बसलेली १२ व्होल्टची साधी बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.७. हे दोन आकडे माहीत असले की बॅटरी की अल्टरनेटर हा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो. ओबीडी-२ स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) स्वस्तातला चालतो. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना हे सॉकेट सक्तीचं आहे, तुमची गाडी जुनी असेल तर ते आहे का ते आधी पाहून मग स्कॅनर घ्या. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी (जास्त व्होल्टेजच्या) केबलना मात्र हात लावायचा नाही, मल्टिमीटर हातात असला तरी.

मांडणीबद्दल माझा आग्रह एकच आहे: रोजची हत्यारं दिसली पाहिजेत. टेबलामागे पेगबोर्ड (हुक लावायचा भोकांचा फळा) लावा आणि प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा मार्करने काढा. काम संपल्यावर रिकामी रेषा दिसली तर ते हत्यार बॉनेटखाली राहिलंय. इंजिन सुरू करण्याआधी बोर्डावर नजर टाकायची सवय लावा. जड सामान नेहमी खालच्या फळीवर.

११. आग, रसायनं, वापरलेलं तेल

एबीसी पावडरचं अग्निशामक दाराजवळ लावा. आग टेबलावर लागते, म्हणून ते टेबलाच्या मागे नको. तुम्ही आधी दाराकडे जावं आणि तिथून वळून आग विझवावी, अशी जागा हवी. पेट्रोल आणि तेलाच्या आगीवर पाणी मारायचं नाही.

चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात. जवसाच्या तेलासारखी वाळणारी तेलं लागलेल्या चिंध्यांचा ढीग स्वतःहून तापून पेटू शकतो, त्या आधी बाहेर पसरून पूर्ण वाळवा.

ब्रेकची धूळ हवेने उडवू नका. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ती ओली करून पुसायची. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरिनयुक्त द्रावक असतो. तो लावलेल्या भागावर वेल्डिंग केलं तर फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो. डबा घेतानाच क्लोरिनविरहित घ्या, म्हणजे विसरण्याचा प्रश्न येत नाही.

कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि विषारी. उघड्या ट्रेमधलं कूलंट मुलं आणि कुत्री-मांजरं पितात, त्यामुळे काढल्याबरोबर झाकणाच्या कॅनमध्ये भरा. इंजिन ऑइल, कूलंट आणि ब्रेक फ्लुइड तीन वेगळ्या कॅनमध्ये, वर नाव लिहून. एकत्र केलं की पुनर्वापरवाले घेत नाहीत. गटारात किंवा मातीत काहीही ओतायचं नाही. नवीन ब्रेक फ्लुइडचा डबा उघडा ठेवला तर ते हवेतली ओल शोषतं. उघडून बराच काळ झालेला डबा ब्रेकमध्ये वापरू नका.

बॅटरी सोडताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. चार्जिंग करताना हायड्रोजन निघतो, तेव्हा दार उघडं आणि जवळ ग्राइंडर बंद.

१२. पहिलं काम

सगळं लागलं की पहिलं काम मुद्दाम सोपं घ्या: ऑइल आणि फिल्टर बदला, चारही चाकं काढून ब्रेक पॅड पाहा आणि परत बसवा. घाई नको. शेजारी कागद ठेवा आणि प्रत्येक वेळी अडलं की लिहा. दिवा कुठे कमी पडला, कुठल्या हत्यारासाठी खोली ओलांडावी लागली, कुठली केबल पायात आली, ऑइलचा ट्रे ओढून काढताना कशाला अडला. पुढची खरेदी आणि मांडणीतले बदल या कागदावरून ठरवा.

सम्पच्या बोल्टला नवा वॉशर घाला आणि मॅन्युअलच्या आकड्याला आवळा. ऑइल भरून इंजिन बाहेर, उघड्यावर सुरू करा, दोन मिनिटांनी बंद करून फिल्टरभोवती बोट फिरवून गळती पाहा आणि डिपस्टिक तपासा. चाकाचे नट चांदणीच्या क्रमाने (एकानंतर शेजारचा नाही, समोरचा), दोन टप्प्यांत: आधी चाक हवेत असताना हाताने पूर्ण बसवून, मग जमिनीवर आल्यावर टॉर्क रेंचने. ५० ते १०० किलोमीटर गाडी चालली की चाकं थंड असताना तेच नट त्याच आकड्याला पुन्हा तपासा.